मातीत एम.एस्सी. करायचीय? शिवाजीनगरपासून हवाईपर्यंतच्या आठ पायऱ्या

बी.एस्सी. अ‍ॅग्रीची मुलं 'रावे' (गावात राहून घ्यायचा शेतीकामाचा अनुभव) आटपून परत आली की प्रश्न सुरू होतात. ताई, सॉइल घेऊ की अ‍ॅग्रो? बाहेर जायचं तर इथली एम.एस्सी. लागतेच का? जीआरई (अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठीची प्रवेशपरीक्षा) द्यायची का? गाइड कसा शोधायचा? मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून मृदाशास्त्रात एम.एस्सी. केली आणि पुढे होनोलुलूला, हवाई विद्यापीठाच्या मानोआ कॅम्पसमधल्या 'ट्रॉपिकल प्लँट अँड सॉइल सायन्सेस' विभागात पीएच.डी.ला गेले. दोन्हीकडे काय लागतं, माणूस कुठे अडकतो आणि कशाची उगाच भीती घातली जाते, ते एकदाच लिहून ठेवते. ज्यांना पुण्यातच एम.एस्सी. करायची आहे त्यांनी पहिल्या पाच पायऱ्या वाचल्या तरी पुरे.

१. आधी प्रश्न, मग विषय, कॉलेज सगळ्यात शेवटी

बहुतेक जण याच्या उलट करतात. 'पुणे कॅम्पस मिळाला पाहिजे, विषय कोणता का असेना.' कारण उघड आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका जवळ पडतात, हॉस्टेलची खोली मिळते, आणि एम.एस्सी.च्या आडून एमपीएससीची तयारी होते. त्यात गैर काही नाही. पण तसा बेत असेल तर कृपा करून मृदाशास्त्र घेऊ नका. टायट्रेशन मध्येच सोडून चालू घडामोडी वाचता येत नाहीत, आणि तुमच्या अर्धवट कामाचा त्रास गाइडला आणि पुढच्या ज्युनिअरला होतो.

तुम्हाला नेमकं काय खटकतं ते आधी एका वाक्यात लिहून काढा. 'आमच्याकडे खत देऊनही ऊस पिवळा पडतो' असं असेल तर तुम्ही मातीवाले आहात. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही, हा मृदाशास्त्राचा जुना आणि अजून न सुटलेला विषय आहे. 'एकाच पावसात एक वाण तगतं आणि दुसरं करपतं' असं असेल तर वनस्पती शरीरक्रियाशास्त्र किंवा जीपीबी, म्हणजे आनुवंशिकी व रोपपैदास. पाणी, पेरणीची वेळ, तण यांत रस असेल तर कृषिविद्या. फळं-फुलं आवडत असतील तर हॉर्टी. आपल्याकडे हे सगळे वेगवेगळे विभाग आहेत, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी घेतलेला निर्णय नंतर सहज बदलता येत नाही. हवाईत मातीच्या रसायनशास्त्रापासून ऑर्किडच्या पैदाशीपर्यंत सगळं एकाच विभागात आहे. त्यामुळे तिथे माती आणि पीक या दोन्हींची माणसं एकाच सल्लागार समितीत बसवता येतात.

आता 'ट्रॉपिकल' या शब्दाच्या मोहाविषयी. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे आणि होनोलुलू एकवीस अंशांच्या वर. म्हणजे उष्ण कटिबंधाचा अभ्यास करायला तिकडे जाणारा पुणेकर विषुववृत्तापासून थोडा लांबच जातो. जाण्यासारखं कारण वेगळं आहे. दख्खन आणि हवाई, दोन्ही ठिकाणचा मूळ खडक बेसॉल्ट. आपल्याकडे कमी पावसात त्यातून स्मेक्टाइट खनिजाची काळी, फुगणारी आणि भेगाळणारी जमीन झाली. तिकडे जिथे पाऊस आणि काळ दोन्ही भरपूर मिळाले, तिथे सिलिका आणि चुना वाहून गेला आणि लोह-अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. एकाच खडकाचे हे दोन शेवट कळले की मातीकडे बघायची नजर बदलते. आणि खरं सांगायचं तर त्यासाठी विमान पकडावंच लागतं असं नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथे जांभा आहे. पुण्यात पाऊस सातशेच्या आसपास. बारामती-इंदापूरकडे तो पाचशेच्या आत-बाहेर. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात एवढा फरक फार थोड्या विद्यापीठांच्या दारात असतो.

२. प्रवेशाचे दरवाजे

मुख्य दरवाजे दोन. पहिला राज्याच्या सीईटीचा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश पुण्यातल्या महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेच्या देखरेखीखाली होतात. पुण्याचं कॉलेज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं आहे, हे बाहेरून आलेल्यांना पुष्कळदा माहीत नसतं. पदवी राहुरीची मिळते आणि ट्रान्सस्क्रिप्टही तिथूनच निघतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा दरवाजा आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) अखिल भारतीय परीक्षेचा, ज्याला सगळे 'जेआरएफ' म्हणतात. ही परीक्षा एनटीए, म्हणजे राष्ट्रीय चाचणी संस्था घेते. अलीकडच्या वर्षांत १२० प्रश्न, ४८० गुण आणि दोन तास असं तिचं स्वरूप आहे. बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. मृदाशास्त्र हवं असेल तर अर्जात 'फिजिकल सायन्स' हा गट निवडायचा. इथे दरवर्षी कुणीतरी घसरतं: नाव पाहून वाटतं की हा भौतिकशास्त्राचा गट, मग 'प्लँट सायन्सेस' निवडलं जातं आणि सॉइलची जागा हातची जाते. पुस्तकासाठी अप्पा बळवंत चौकात एक चक्कर पुरते. मागच्या परीक्षांचे प्रश्न दोनदा सोडवणं हे चार गाइडं विकत घेण्यापेक्षा उपयोगी.

बी.एस्सी. बॉटनी किंवा केमिस्ट्रीवाल्यांसाठी: एम.एस्सी. (कृषी) ला बहुतेक ठिकाणी कृषी किंवा समकक्ष पदवीच लागते. तुमची वाट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र विभाग किंवा आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणची प्रकल्पातली कामं अशी जाते. दिल्लीचं पुसा (भारतीय कृषी संशोधन संस्था) डोक्यात असेल तर पात्रतेची अट माहितीपत्रकातून स्वतः वाचा. कुणाच्या सांगण्यावर अर्जाची फी भरू नका.

३. कागदपत्रं, आणि नावाची भानगड

पुण्यातल्या प्रवेशासाठी एका फोल्डरमध्ये हे ठेवा:

- दहावी, बारावीची गुणपत्रकं आणि बी.एस्सी.ची सगळ्या सेमिस्टरची ग्रेडपत्रकं
- तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र (विद्यापीठ बदलत असाल तर)
- अधिवास प्रमाणपत्र
- आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर. शेवटच्याची मुदत तपासा
- परीक्षेचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड

परदेशासाठी यात पासपोर्ट, ट्रान्सस्क्रिप्ट, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि शिफारसपत्रं यांची भर पडते.

आता भानगड. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी असतं: पाटील स्नेहा रमेश. पासपोर्टवर पहिलं नाव 'स्नेहा रमेश' आणि आडनाव 'पाटील'. तिसऱ्या ठिकाणी नुसतंच 'स्नेहा पाटील'. इथे कुणाला काही वाटत नाही, पण परदेशी विद्यापीठाच्या संगणकाला या तीन वेगळ्या मुली दिसतात. टोफेल किंवा आयईएल्टीएसची नोंदणी पासपोर्टवर जसं नाव आहे तशीच करा, अक्षरालाही फरक नको. प्रवेश-अर्जात 'दुसरं नाव' विचारतात तिथे गुणपत्रकावरचा नावाचा क्रम लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. हे सगळं पासपोर्टचा अर्ज भरतानाच ठरवलं तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

ओजीपीएबद्दल, म्हणजे एकूण सरासरी ग्रेडबद्दल, एकच सांगते: दहाच्या पट्टीवरचा आकडा स्वतःच्या मनाने चारच्या पट्टीवर बदलू नका. जसा आहे तसा लिहा आणि शेजारी '१० पैकी' लिहा. रूपांतर करायचं असेल तर ते विद्यापीठ करेल, किंवा कुठल्या संस्थेकडून करून आणा ते सांगेल.

४. गाइड, क्रेडिट आणि संशोधनाचा विषय

सध्याच्या अभ्यासक्रमात एम.एस्सी.ला ७० क्रेडिट आहेत: मुख्य विषयाचे २०, मायनर ८, सपोर्टिंग ६, सामाईक कोर्सेस ५, सेमिनार १ आणि संशोधनाचे तब्बल ३०. पीएच.डी.ला १००, त्यातले ७५ संशोधनाचे. आकडे बघूनच कळेल की सगळं गाइड आणि विषयावर अवलंबून आहे. तरीही पोरं गाइड निवडताना फक्त 'सर रागावतात का' एवढंच विचारतात. त्यापेक्षा हे विचारा: सरांच्या किंवा मॅडमच्या निवृत्तीला किती अवकाश आहे? कृषी विद्यापीठात बदल्या होतात. बदली झाली तर विद्यार्थी कुणाकडे जातो? प्रबंधाचं प्रकरण तपासून परत यायला किती दिवस लागतात? चालू असलेला प्रकल्प आहे का, म्हणजे रसायनांना पैसे कुठून येणार? ही उत्तरं गाइडला विचारू नका. त्यांच्याकडे नुकतीच एम.एस्सी. संपवलेल्या सीनिअरला चहाला न्या.

विषय ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा. हातात शेतावरचे एक-दोन हंगामच असतात. आडसाली उसाला १६ ते १८ महिने लागतात, सुरू उसालाही वर्ष. त्यामुळे लागणीपासून तोडणीपर्यंतचा उसाचा प्रयोग एम.एस्सी.त बसवू नका, फार तर खोडवा घ्या. फळझाडांचंही तेच. रब्बी ज्वारी, कांदा, हरभरा, सोयाबीन ही एम.एस्सी.च्या मापाची पिकं. शिवाय शेतातल्या प्रयोगाला जोड म्हणून कुंडीतला किंवा बाटलीत माती उबवण्याचा छोटा प्रयोग आराखड्यातच लिहून घ्या. अवकाळी पाऊस आणि रानडुकरं यांना तुमची सल्लागार समिती अडवू शकत नाही, आणि तेव्हा हाच छोटा प्रयोग प्रबंध तारतो.

पुण्यात असल्याचा खरा फायदा आजूबाजूच्या संस्थांचा आहे, आणि तो फार कमी जण घेतात. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय, पुण्यातच पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय, बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापन संस्था, फलटणच्या बाजूला पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र. मातीचं सर्वेक्षण आणि वर्गीकरण करायचं असेल तर नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्यूरोला पर्याय नाही. सह-मार्गदर्शक किंवा एखाद्या उपकरणावर नमुने तपासून घेणं यासाठी विभागप्रमुखांचं पत्र घेऊन आधी वेळ ठरवून जा. आगाऊ पत्राशिवाय गेलात तर दारातूनच परत याल.

५. शेत आणि लॅब

हा भाग वर्गात पटकन उरकतात, आणि पुढे पेपर परत येतो तो इथल्याच चुकांमुळे.

नमुना घेताना सोबत हे हवं: कुदळ, खुरपं, प्लॅस्टिकची बादली आणि घमेलं, जाड प्लॅस्टिकच्या आणि कापडी पिशव्या, दोन-दोन लेबलं, पेन्सिल, टेप, आणि जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवायला मोबाइल. पेन्सिल यासाठी, की ओल्या मातीत शाई पसरते. एक लेबल पिशवीच्या आत, एक बाहेर. बाहेरचं एसटीच्या डिकीत हमखास निघून पडतं. सूक्ष्म अन्नद्रव्यं बघायची असतील तर गंजकं घमेलं आणि जस्ताचा मुलामा असलेली बादली घरीच ठेवा, नाहीतर लोह आणि जस्त बादलीचंच मोजाल.

वाफसा असताना जा. जमीन चिखल असताना किंवा ढेकूळ झालेली असताना नमुना नीट निघत नाही. बांध, विहीर, उकिरडा, झाडाची सावली आणि नुकतंच खत टाकलेली जागा सोडा. नागमोडी चालत जागोजागी इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा घ्या, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासा, सगळी एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोपर्यंत आणा. सावलीत वाळवा, लाकडी ठोकळ्याने कुटा आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. सेंद्रिय कर्बासाठी त्यातला थोडा भाग आणखी बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून.

लॅबमधली पहिली मोठी पद्धत म्हणजे सेंद्रिय कर्ब मोजायची वॉकली-ब्लॅक, १९३४ची. एक ग्रॅम माती, १० मिली पोटॅशियम डायक्रोमेट, २० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, अर्धा तास थांबायचं, पाणी आणि फॉस्फरिक आम्ल घालायचं, डायफिनाइलअमीन टाकून फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेट करायचं. रंग आधी काळपट, मग गडद निळा-जांभळा, आणि मग एका थेंबात लख्ख हिरवा. तो थेंब ओलांडला की नमुना गेला, म्हणून निळा रंग दिसताच ब्युरेटचा हात अगदी हलका करा. शिकताना कुणी सांगत नाही ती गोष्ट पुढे आहे: आम्ल घातल्यानंतर, टायट्रेशनच्या आधीच फ्लास्क हिरवा दिसला, तर सगळं डायक्रोमेट संपलं आहे. पुढे काहीही करू नका. माती अर्धी किंवा पाव ग्रॅम घेऊन पुन्हा सुरू करा. पुण्याच्या काळ्या मातीत हे सहसा होत नाही, महाबळेश्वरच्या जंगलातल्या मातीत पहिल्याच फ्लास्कला होतं. आणि क्रोमियमचं टाकाऊ द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. वेगळा कॅन मागा. नसेल तर भांडून ठेवायला लावा.

स्फुरदाचं असं आहे की पद्धत माती बघून निवडायची. चुनखडीयुक्त, सामू (पीएच) आठच्या आसपास असलेल्या आपल्या जमिनीला ओल्सेन (सोडियम बायकार्बोनेट, सामू ८.५). जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीला ब्रे. दोन्ही प्रकारची माती एकाच प्रबंधात असेल तर कुठे काय वापरलं आणि का, ते पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. दोन पद्धतींचे आकडे एकाच आलेखावर एकमेकांशेजारी ठेवले तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतो.

हवाईला गेल्यावर माझी एक सवय मोडावी लागली. आपण कुठलाही नमुना आणला की आधी वाळत घालतो. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या माती, ज्यांना अँडिसॉल म्हणतात, एकदा वाळल्या की त्यांचे कण कायमचे बदलतात. पुन्हा पाणी घातलं तरी मूळ गुणधर्म परत येत नाहीत. त्या ओल्याच चाळायच्या, ओल्याच तपासायच्या, आणि ओलाव्याचं प्रमाण वेगळं काढून हिशोब करायचा. तिथे जाणार असाल तर हे आत्ताच डोक्यात बसवा.

६. बाहेर जायचं ठरलं तर: प्राध्यापकाला पत्र

आपली बी.एस्सी. अ‍ॅग्री चार वर्षांची असल्यामुळे अमेरिकेत थेट मास्टर्सला अर्ज करता येतो, इथली एम.एस्सी. सक्तीची नाही. तरी माझं मत विचाराल तर आधी इथे करा. हाताला लॅबची सवय लागते, एखादा पेपर होतो आणि बाहेर पीएच.डी.ची आर्थिक मदत मिळायची शक्यता वाढते.

ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं तर आदल्या वर्षीच्या जून-जुलैपासून लागा. अर्जांच्या मुदती साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात. त्याआधी प्राध्यापकांशी बोलणं झालेलं हवं, कारण शेतीच्या विभागांत प्रवेश बहुधा 'तुम्हाला घ्यायला कोण तयार आहे' यावर ठरतो. मार्क उत्तम, पण गाइड नाही, तर अर्ज तसाच पडून राहतो.

पत्र कसं असावं? 'रिस्पेक्टेड सर' आणि 'बालपणापासून मातीची ओढ' यांना रजा द्या. पाच-सहा ओळी पुरतात. तुम्ही कोण, त्यांचं कोणतं काम वाचलं आणि त्यातलं काय तुमच्या कामाशी जुळतं, तुम्हाला कोणत्या पद्धती हाताने येतात (ओल्सेन, डीटीपीए, अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन, आर, क्यूजीआयएस, जे खरंच येत असेल ते), आणि सरळ प्रश्न: पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का, आणि त्यासाठी निधी आहे का. सोबत दोन पानी बायोडेटा. एकच पत्र चाळीस जणांना पाठवलेलं वाचणाऱ्याला लगेच कळतं. आणि भारतातून जाणारा असाल तर काळ्या जमिनीचा उल्लेख कराच. ओआहू बेटावर लुआलुआलेई नावाची अशीच भेगाळणारी चिकणमाती आहे आणि वाहिआवाला लाल ऑक्सिसॉल, म्हणजे वर सांगितलेली ऑक्साइडं उरलेली जमीन. आपल्या मातीशी तुलनेचा विषय आयता हातात असतो. पिकांचंही तसंच: तिथलं 'कालो' म्हणजे आपलं अळू, आणि पपईवरचा रिंग स्पॉट विषाणू दोन्हीकडे तितकाच छळतो. तिथे १९९८ साली त्याला प्रतिकारक अशी जनुकीय बदल केलेली 'रेनबो' पपई शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली.

मुलाखत ठरली तर वेळेचा हिशोब चोख करा. हवाई आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, आणि तारीख पुढची. दुपारी साडेतीनची वेळ मागा. आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात वाजलेले असतात, घर शांत असतं आणि वायफायही बरं चालतं.

शिफारसपत्रांसाठी तीन माणसं लागतात. ज्यांना मागाल त्यांचा संस्थेचा ईमेल चालू आहे का ते आधी विचारा. जीमेलवरून आलेल्या पत्राकडे काही विद्यापीठं संशयाने बघतात. मुदतीच्या महिनाभर आधी सांगा, आणि 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं उत्तर आलं तर शक्यतो दुसरं माणूस शोधा. तीनही पत्रं एकाच हातची असली की ते लपत नाही.

जीआरई अनेक विभागांनी काढून टाकली आहे, त्यामुळे पानावर स्पष्ट मागितलेली असेल तरच द्या. टोफेलचा निकाल दोन वर्षंच चालतो, फार लवकर देऊन ठेवू नका.

हवाई हा एकच पर्याय नाही. नेदरलँड्समधलं वाखेनिंगन, जर्मनीतलं होहेनहाइम, बेल्जियममधलं गेंट इथेही उष्ण कटिबंधीय शेती आणि मातीवर चांगलं काम चालतं. जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं, त्याला वेळ जातो, ते आधी मार्गी लावा.

७. पैसे

अमेरिकेत मास्टर्सचे दोन प्रकार असतात: प्रबंधासह आणि प्रबंधाविना. प्रबंधासह असेल तर प्राध्यापकाच्या प्रकल्पातून असिस्टंटशिप मिळू शकते. फी माफ आणि महिन्याला खर्चाचे पैसे. प्रबंधाविना असेल तर बहुधा सगळं पदरचं. एजंट मंडळी दुसरा प्रकार आनंदाने विकतात, कारण त्यात प्रवेश सोपा. होनोलुलूत घरभाडं आणि किराणा दोन्ही महाग आहेत, बहुतेक माल जहाजाने येतो. कर्ज काढून प्रबंधाविना मास्टर्स करायला मृदाशास्त्र हा विषय योग्य नाही, हे माझं ठाम मत.

शिष्यवृत्त्यांमध्ये अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिचं कामकाज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालतं. तिथे विद्यापीठाचं जागतिक मानांकन बघितलं जातं. शेतीत नावाजलेलं विद्यापीठ एकूण यादीत वर असेलच असं नाही, म्हणून अर्जाआधी त्या वर्षीची अट आणि यादी दोन्ही ताडून बघा. भारतातच पीएच.डी. करणाऱ्यांना बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. इथे पीएच.डी.ला नोंदणी झाल्यावर काही महिने अमेरिकेत संशोधन करायला फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप मिळू शकते. मला विचाराल तर अनेकांसाठी हीच सगळ्यात शहाणी वाट आहे, घरदार आणि शेत न सोडता. जे. एन. टाटा एंडाउमेंटचं शिष्यवृत्ती-कर्जही विसरू नका.

८. व्हिसा, सामान आणि माती

विद्यापीठाकडून आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा फॉर्म) आला की सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची फी (३५० डॉलर), डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज, व्हिसाची फी आणि मग मुंबईला बीकेसीत बोटांचे ठसे आणि मुलाखत. फीचे आकडे भरायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर बघा, ते बदलतात. मुलाखतीला एका पानावर संशोधनाचा सोप्या भाषेतला सारांश आणि गाइडचा बायोडेटा न्या. 'माती शिकायला हवाईला कशाला?' असं विचारलं तर बेसॉल्ट आणि दोन प्रकारच्या जमिनी, एवढं दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या शेतातली माती पिशवीत भरून बॅगेत टाकू नका, कितीही वाटलं तरी. अमेरिकेत परदेशी माती आणायला त्यांच्या कृषी खात्याचा परवाना लागतो, आणि तो नमुना घेणारी लॅबही मान्यताप्राप्त असावी लागते. बियाणं, रोपं, कंद यांचंही तेच. हवाईचे नियम त्याहून कडक आहेत. मुख्य भूमीवरून बेटावर जातानाही वनस्पती आणि प्राणीजन्य वस्तू जाहीर करणारा फॉर्म भरावा लागतो. आईने प्रेमाने बांधून दिलेला ताजा कढीपत्ता विमानतळावरच राहतो. वाळलेले मसाले न्या, तेही फॉर्मवर लिहा. लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

आपल्या बाजूनेही कायदा आहे: जैविक विविधता कायदा, २००२. भारतातलं वाण, बियाणं किंवा मातीतून वेगळे केलेले जिवाणू संशोधनासाठी बाहेर पाठवायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागू शकते. 'माझ्याच शेतातली माती आहे' हे तिथे उत्तर नाही. तुलनेसाठी भारतातले नमुने लागणार असतील तर गाइडला पहिल्याच महिन्यात सांगा. दोन्हीकडची कागदं सुटायला वेळ लागतो. शक्य असेल तर भारतीय नमुन्यांचं विश्लेषण भारतातच करून फक्त आकडे न्या.

आरोग्याची एक गोष्ट राहिली. हवाईत कॉलेजात नाव पक्कं व्हायला गोवर-गालगुंड-रुबेला वगैरे लसींच्या नोंदी आणि क्षयरोगाचं तपासणी प्रमाणपत्र मागतात. लहानपणी बीसीजी टोचलेल्यांची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. घाबरू नका, मग रक्ताची चाचणी किंवा छातीचा एक्स-रे करतात. लसींची जुनी कार्डं घरात शोधा, नसतील तर निघायच्या दोन महिने आधी डॉक्टरांकडून नव्याने घ्या, कारण दोन डोसांत अंतर ठेवावं लागतं.